रातकिडे कमी झालेत का?

रातकिडा तोंडाने गात नाही, एवढं सांगून मी एकतीस वर्षं पगार घेतला. भिवंडीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. दर जूनला नवी मुलं यायची. काचेच्या बरणीत एक नर रातकिडा ठेवून मी विचारायचे, हा आवाज कुठून येतोय? मुलं त्याचं तोंड शोधत बसायची. मग सांगायचं, की त्याच्या एका पंखाच्या खालच्या बाजूला कानशीसारखे बारीक दाते असतात आणि दुसऱ्या पंखाची कड त्यांच्यावरून घासली की सूर निघतो. गातो फक्त नर. मादी ऐकते, आणि तिचे कान पुढच्या पायांवर असतात. इथे वर्ग हमखास हसायचा. त्यानंतर वर्षभर मला कुणी प्रश्न विचारत नसे.

आमच्या गावात हा विषय घेऊन फिरणं जरा विचित्रच होतं. गल्लोगल्ली लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि त्यांचा खडखडाट. ज्याला सवय नाही त्याला दोन घरांपलीकडचं बोलणं ऐकू येणार नाही, अशा गावात एक बाई संध्याकाळी टॉर्च आणि बरणी घेऊन गटारांच्या कडेने फिरते, तेही किड्याचा आवाज ऐकायला. लोक विचारायचे, यातून पुढे काय? मी म्हणायचे, पीएच.डी. त्यावर सगळे समजूतदारपणे मान हलवायचे.

मला शिकवलं माझ्या दादाने. वडील लवकर गेले. दादा सोळाव्या वर्षी लूमवर लागला आणि मी शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून विद्यापीठात गेले. आमच्या बौद्धवाड्यात एम.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. मी लग्न केलं नाही; दादा, वहिनी आणि मी एकाच घरात राहत होतो. नोकरी लागल्यावर मी दादाला म्हटलं, आता लूम सोड. तो काही बोलला नाही. दादा फार बोलतच नसे. जेवताना मी पुस्तक किंवा उत्तरपत्रिका उघडून बसायचे, तो समोर बसून खाली मान घालून जेवायचा, आणि मी काही विचारलं तर बऱ्याचदा उत्तर न देता उठून जायचा. मी धरून चालले होते, की बहिणीच्या शिक्षणापायी आपलं आयुष्य लूमवर गेलं ही सल त्याच्या मनात आहे. तसं वाटण्याचा त्याला हक्क आहे असंही मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी एक पाहणी केली. गावात रंगाचं पाणी उघड्यावर सुटत होतं, पावडरी फवारल्या जात होत्या. माझा अंदाज असा, की त्याने रातकिडे संपत आले असणार. विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी एक साधा फॉर्म पाठवला. तुमच्या घराजवळ रातकिडे ऐकू येतात का? पूर्वीपेक्षा कमी झालेत का? एका घरातल्या दोन मोठ्या माणसांनी वेगवेगळं लिहायचं. भिवंडीतली घरं आणि दिघाशीसारख्या खेड्यांतली घरं, असे दोन गठ्ठे जमले. दिघाशीच्या गठ्ठ्यात जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं, भरपूर ऐकू येतात. भिवंडीच्या गठ्ठ्यात अनेकांनी लिहिलं होतं, संपले, आता राहिले नाहीत. मी खूश झाले. अंदाज बरोबर निघाल्यावर माणूस जसा होतो तशी. निबंध लिहून काढला आणि मराठी तपासून द्या म्हणून टिपणीस सरांकडे दिला.

टिपणीस सर मराठी शिकवत. भिवंडीतलं जुनं घराणं, धोतर नव्हे पण धोतराच्या स्वभावाची पॅन्ट, आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल अतिशय कडक. स्टाफरूममध्ये आर्ट्सवाले खिडकीकडे बसत आणि सायन्सवाले कपाटाकडे. मधल्या टेबलावर आम्ही फक्त चहापुरते भेटायचो. आम्ही त्यांना शब्दांचे कारकून समजत होतो. ते आम्हाला काय समजत, ते त्यांनी सभ्यपणामुळे कधी सांगितलं नाही.

चार दिवसांनी त्यांनी निबंध परत केला. शुद्धलेखन तपासलं होतं. पण त्यांनी फॉर्मचे गठ्ठेही मागितले होते आणि सगळे वाचले होते. हे काम मी त्यांना दिलेलं नव्हतं.

ते म्हणाले, "जाधव मॅडम, हे दोन फॉर्म एकाच घरातले आहेत. बाईंना किडा ऐकू येतो, नवऱ्याला नाही. असे किती तरी आहेत. किडा काय नवऱ्याला बघून गप्प बसतो?"

मी म्हटलं, पुरुष घाईत भरतात, लक्ष देत नाहीत.

"असेल. पण आमच्याकडे कुठलीही ओळ हातात आली की पहिला प्रश्न असतो, बोलतंय कोण? तुम्ही किड्याचं विचारलंत. लोकांनी स्वतःचं सांगितलंय."

मी गठ्ठा घरी नेला आणि फॉर्मवरचा व्यवसायाचा रकाना पाहिला. तो रकाना मीच छापला होता आणि मीच वाचला नव्हता. 'रातकिडे संपले' म्हणणारे बहुतेक सगळे लूमवाले होते. त्यांच्या बायका, म्हाताऱ्या आया लिहीत होत्या, झोपू देत नाहीत मेले. त्या गठ्ठ्यात आमच्या घराचेही दोन फॉर्म होते. वहिनीने लिहिलं होतं, न्हाणीच्या मागे रोज ओरडतात. दादाने लिहिलं होतं, न्हाय. मी तो फॉर्म गोळा करतानाच पाहिला होता आणि दादाने कंटाळून कसंतरी भरलाय म्हणून खाली सरकवला होता.

खात्री करायला मी मकबूलभाईंकडे गेले. ते आमच्या पाठच्या गल्लीत राहत, वीस-बावीस वर्षं लूमवर होते, उत्तर प्रदेशातून तरुणपणी आलेले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. त्यांच्या घराच्या भिंतीला तडा होता आणि त्यात एक नर बसून चांगला जोरात गात होता. मी विचारलं, काही ऐकू येतंय? ते म्हणाले, आता कुठलं, मॅडम, रातकिडे कधीच गेले. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी किडा पकडून बरणीत घातला. थोड्या वेळाने तो परत गायला लागला. बरणी मी त्यांच्या कानाशी धरली. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग त्यांनी बरणी हातात घेतली आणि दिव्याजवळ नेली. किड्याचे पंख उचललेले होते आणि थरथरत होते. मकबूलभाई बराच वेळ ते पंख बघत राहिले.

"ये बोल रहा है?" त्यांनी बायकोला विचारलं.

ती म्हणाली, कधीपासून.

शास्त्र इथे सरळ आहे. सतत मोठ्या आवाजात काम केलं की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. सगळ्यात आधी जातात त्या उंच सुराच्या. रातकिड्याचा सूर नेमका तिथला. पण माणूस बहिरा होत नाही. त्याला हाक ऐकू येते, दार वाजलेलं कळतं, ट्रकचा हॉर्न कळतो. बोलण्यातली स, श, थ, फ, ख अशी अक्षरं तेवढी विरून जातात. म्हणून असा माणूस म्हणतो, ऐकू येतं पण समजत नाही. घरचे म्हणतात, लक्ष नसतं, हेकट झालाय.

माझा किड्यांचा निबंध तिथेच संपला. किडे जिथल्या तिथे होते.

कान तपासायचं मशीन ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात होतं. पण तिकडे जायचं म्हणजे शिफ्ट बुडवायची, आणि कान गेले अशी बातमी कारखान्यात पोहोचली तर काय होईल ही भीती. कुणी तयार होईना. तेव्हा टिपणीस सरांनी सुचवलं, की मशीन नसेल तर शब्द वापरू. एकच अक्षर बदलणाऱ्या शब्दांची यादी करू. साप, ताप, थाप, छाप, शाप. आपण एक शब्द म्हणायचा, समोरच्याने जे ऐकू आलं ते सांगायचं. कुठलं अक्षर हरवलं ते आपोआप कळेल.

ऐकायला सोपं वाटतं. ती यादी करायला आम्हाला सहा महिने लागले, आणि त्यातले तीन भांडणात गेले. मला सगळे शब्द सारख्या जोराने उच्चारता यायला हवे होते. सरांना प्रत्येक शब्द रोजच्या तोंडचा हवा होता, आणि तरी अंदाजाने ओळखता येणार नाही असा. 'सूत' मी घातला, त्यांनी काढला. लूमवाल्याला 'ऊत' म्हटलं तरी तो सूतच ऐकणार, असं त्यांचं म्हणणं. 'शाप' त्यांनी ठेवला, मी काढायला निघाले, कारण हा शब्द रोज कोण वापरतं? ते म्हणाले, तुमच्या घरी सासू नाही. अर्थ आला की कान अर्धवट ऐकूनही पूर्ण ऐकल्यासारखं करतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. आवाज आधी आणि अर्थ नंतर, असं मी आयुष्यभर मानत आले होते. माणसांच्या बाबतीत ते तितकं खरं नाही.

हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांसाठी वेगळी यादी लागणार होती. ती मकबूलभाईंनी करून दिली. साल, ताल, खाल, चाल, थाल. शब्द त्यांना स्वतःला नीट ऐकू येत नसत, पण आठवत होते. बायकोकडून म्हणवून घेऊन, तिच्या ओठांकडे बघून त्यांनी ते पारखले. तेव्हाच आमच्या लक्षात आलं, की लूमवाले ओठ वाचतात. कारखान्याच्या खडखडाटात वर्षानुवर्षं तसंच बोलायची सवय. म्हणून तपासताना आम्ही तोंडापुढे वहीचा पुठ्ठा धरायला लागलो.

सुट्टीच्या दिवशी समाजमंदिराच्या खोलीत तपासणी चालायची. तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. एकाने प्रत्येक शब्द अचूक सांगितला. मागे बसलेला त्याचा मेहुणा बोटांनी खुणा करत होता. एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक शब्दाला 'बरोबर' म्हणत. एकाने सगळं चुकवलं आणि उठताना मला म्हणाला, बाई, हे आमच्या घरी सांगू नका, त्यांना वाटतं मी मुद्दाम करतो. मी म्हटलं, मग सांगितलेलंच बरं ना? तो विचार करून म्हणाला, मुद्दाम करतो तेच बरं हाय.

पुढे तिघे जण ठाण्याला यायला तयार झाले. मशीनचा आलेख आमच्या यादीशी जुळला. रेघ एका जागी विहिरीसारखी खाली गेलेली, आणि ती जागा नेमकी रातकिड्याच्या सुराची. तो कागद बघून टिपणीस सरांनी मला चहा पाजला. आम्ही दोघांनी मिळून लेख लिहिला. प्राणिशास्त्राच्या नियतकालिकाने तो हा भाषेचा विषय आहे म्हणून परत केला, भाषेच्या नियतकालिकाने हा शास्त्राचा विषय आहे म्हणून परत केला. माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी मला सांगितलं, किड्यांकडे परत जा.

तेव्हा मी चिडले आणि चूक केली.

एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर कॉलेजात आला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं आणि मकबूलभाईंची गोष्ट सांगितली, बरणीसकट. नाव सांगितलं, गल्ली सांगितली, किती वर्षं लूमवर आहेत तेही. मला ते अभिमानाने सांगावंसं वाटत होतं, यादीत त्यांचा हात होता. टिपणीस सर तिथेच होते. वार्ताहर गेल्यावर ते म्हणाले, "नाव द्यायला नको होतं. गोष्टीतल्या माणसाचं नाव चालतं, मॅडम. गल्लीतल्या माणसाचं नाही." मी म्हटलं, नाव नसेल तर पुरावा कसला? शास्त्रात असंच शिकवलं होतं मला.

बातमीत मकबूलभाई बहिरे झाले होते. आठवड्याभरात शेठने त्यांना लूमवरून काढलं. मी शेठकडे गेले. माणूस वाईट नव्हता, चहा मागवला. म्हणाला, मॅडम, धागा तुटला की लूमचा आवाज बदलतो, कारागीर त्यावरच तर काम करतो. ज्याला ऐकायला येत नाही त्याला कसा ठेवू? मी सांगितलं, त्यांना लूम ऐकू येते, रातकिडा येत नाही. त्याने हसून विचारलं, म्हणजे थोडं बहिरं?

मकबूलभाई वडप्याला एका गोदामात माल चढवायला लागले. हायवेच्या कडेला तेव्हा नवी नवी गोदामं उठत होती. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेले. पन्नाशीचा माणूस, पाठीवर गोणपाट बांधलेलं. त्यांनी मला पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसवलं आणि स्वतः समोर, उजेडाकडे पाठ करून, माझे ओठ दिसतील असे बसले. मी माफी मागितली. बातमीत खोटं छापलं असंही मी म्हणाले.

"नहीं मॅडम, बात तो सच थी," ते म्हणाले. "लेकिन वो सच मेरा था."

राग नव्हता त्यात. जेवणाच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी मला दिली. मी ती खाल्ली, कारण नको म्हणायचा धीर नव्हता.

त्यानंतर टिपणीस सर आणि मी दोन रविवार बसून प्रत्येक फॉर्मवरचं नाव खोडलं आणि नंबर घातले. सर एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाले नाहीत. उलट त्यांनी प्राचार्यांकडून मंगळवारी एक जादा तास मिळवला. वेळापत्रकात नसलेला, पगार नसलेला. आर्ट्सची आणि सायन्सची मुलं एकत्र बसायची. आम्ही कधी एखादी कविता आणि एखादा आलेख शेजारी ठेवायचो आणि दोन्हींना तोच प्रश्न विचारायचो, बोलतंय कोण? काही वर्षं तो तास बरा चालला. परीक्षेत गुण नव्हते, तेव्हा हळूहळू मुलं कमी झाली. शब्दांची यादी मात्र दोन डॉक्टरांनी नकलून घेतली. आम्ही लूमवाल्यांना कानात मेण लावलेला कापूस घालायला सांगत फिरलो. जुन्यांनी ऐकलं नाही, लूमचा आवाज कळत नाही म्हणाले. नव्या काहींनी घातला. किती कान वाचले हे मला सांगता येत नाही, आणि आता अंदाजाने सांगायचं मी सोडून दिलंय.

तपासणी चालू असताना दादा समाजमंदिरात कधी फिरकला नाही. मीही बोलावलं नाही. वाड्यातल्याच आठ-दहा घरांतल्या माणसांचे कान मी तपासले असतील, आमच्या घराचा प्रश्न आला की मला काम निघायचं. त्याने नाही म्हटलं तर ते नेहमीच्या रागातलं 'नाही' असणार, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

मकबूलभाईंना वडप्याला भेटून आले त्या संध्याकाळी दादा शिफ्ट संपवून ओट्यावर बसला होता. मकबूलभाईंचं काम कशामुळे गेलं ते गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, त्यालाही. मी चप्पल काढत होते. तो म्हणाला, "माझं घे."

मला आधी कळलंच नाही. "काय घेऊ?"

"ते शब्द. पन कागदावर घेऊ नको. तोंडी घे."

आम्ही आतल्या खोलीत बसलो. वहिनी दारात उभी राहिली. मी पुठ्ठा तोंडापुढे धरला आणि यादी म्हणायला लागले. साप म्हटलं, तो म्हणाला ताप. छाप म्हटलं, तो म्हणाला ताप. थाप म्हटलं, तो थांबला आणि म्हणाला, "पाप?" मी पुठ्ठ्याआड होते म्हणून बरं झालं. सण, शेत, फूल, खण, एक एक करत निम्म्याहून जास्त गेले. लिहायचं नव्हतं, तरी मला प्रत्येक शब्द अजून पाठ आहे.

यादी संपल्यावर तो म्हणाला, "आता पुठ्ठा खाली कर."

मी केला. तीच यादी त्याच क्रमाने परत म्हटली. त्याने माझ्या तोंडाकडे बघत एक सोडून सगळे शब्द बरोबर सांगितले.

मी विचारलं, कधीपासून असं आहे. तो म्हणाला, तू कॉलेजला होतीस तेव्हापासून असेल. मग वहिनीकडे बघून, माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं, "ही जेवताना पुस्तकात तोंड घालून बोलते. मला एक अक्षर कळत न्हाय. मला वाटायचं, शिकलेली हाय, आपल्याशी तोंड वर करून बोलायची तिला लाज वाटत असंल."

वहिनी म्हणाली, आणि ही म्हणायची, दादा माझ्यावर रागावलाय.

"मी कशाला रागवू?" दादा म्हणाला. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

त्या दिवसापासून मी जेवताना पुस्तक ठेवून दिलं आणि त्याच्या समोर, दिव्याचा उजेड तोंडावर पडेल अशी बसायला लागले. त्याने निवृत्तीपर्यंत लूम सोडली नाही, कान परत आले नाहीत. पण जेवणाला आम्हाला तास तास लागायला लागला. कारखान्यातल्या भानगडी, कुठल्या जॉबरने, म्हणजे लूमवरच्या मुकादमाने, कुणाला कसं फसवलं, लहानपणी मी गणेशपुरीच्या कुंडात कशी घसरले, आमचे बाबा कसे बोलायचे, त्याला सगळं आठवत होतं आणि सगळं सांगायचं होतं. दादा बोलका माणूस आहे, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.